नम्रतेचे मक्तेदार

लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती मंडळी संख्येने थोडकी असली, म्हणजे तिच्यातील एकेका सद्गुणावर एकेकाची वहिवाट ठरून जाते. आणि या वाटणीत नम्रता ज्यांच्या नावे चढलेली असते, त्या गृहस्थांना सारे काकाजी म्हणतात. कचेरीच्या आवारात अर्जनवीशी करण्यात अर्धे आयुष्य गेल्यामुळे त्यांची प्रार्थनासुद्धा कलमवार असते, आणि आपल्याहून दुसऱ्यावर कृपा अधिक झाल्याची कैफियत ते प्रभूपुढे तारीखवार मांडतात.

मेजवानीत शेवटच्या जागी बसावे, हा येशूचा उपदेश काकाजींनी इतका मनावर घेतला आहे की, दाराजवळची चटई मिळावी म्हणून ते उपासनेला सर्वांच्या आधी येऊन बसतात. एखाद्या रविवारी चुलबंद नदीपलीकडचा कोणी पाहुणा अजाणता तेथे टेकलेला दिसला, की त्यांचा चेहरा दावा हरलेल्या पक्षकारासारखा होतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील तो द्राक्षमळ्याचा धनी तर त्यांना मुळीच मानवत नाही. सायंकाळी पाचाला आलेल्याला सकाळपासून राबणाऱ्याइतकीच मजुरी! असा धनी रोवणीच्या दिवसांत लाखांदुरात निघाला, तर दुसऱ्या दिवशी पाचाच्या आत बांधीत कोणी पाय तरी घालील काय, असा त्यांचा सवाल असतो. आणि व्यवहारदृष्ट्या तो अगदीच गैरवाजवी आहे, असे मलाही म्हणवत नाही.

परंतु या आक्षेपाचे मूळ निराळेच होते. अलीकडेच विश्वासात आलेला एक तरुण शेतकरी पेटीवर नारायण वामन टिळकांची पदे अशी काही म्हणू लागला की, मंडळी काकाजींचे सुभाषित-पाठांतर विसरली. टिळकांना नव्या कराराची प्रत मिळाली ती नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत. ती वाट भंडारा जिल्ह्यातून जाते. सबब त्या पदांवर पहिला हक्क जुन्या भंडारेकरांचा, अशी पुरवणी काकाजींनी लगेच जोडली. तेवढ्यात त्या तरुणाच्या धानावर तुडतुडा पडला. काकाजींच्या मुद्रेवरील समाधान पाळकांच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी शांतपणे सांगितले, “काकाजी, याच्या धानासाठी रोज त्याच्याच धुऱ्यावर उभे राहून प्रार्थना करा.”

नम्रतेच्या मक्तेदाराला नकार देणे शक्यच नव्हते. पहिल्या अर्जात त्यांनी ‘योग्य तेवढेच पीक द्यावे’ असा मोघम मजकूर घालून पळवाट राखली. पण रोज ती करपती लोंबे जवळून पाहता पाहता एकेक कलम गळत गेले, आणि अखेर ‘प्रभू, पोराचे धान वाचव’ एवढेच उरले. औषध त्या तरुणाने फवारलेच होते. पीक वाचले, आणि काकाजींच्या पिकाहून सरस आले.

कापणीच्या सणाला अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा त्या धानाच्या पोत्यावर काकाजींची बोली बाजारभावाच्या पार पुढे गेली. हा जुना हेवाच पैशाच्या रूपाने बोलत आहे, अशी कुजबुज झाली. पोते ताब्यात येताच काकाजी त्या तरुणाला म्हणाले, “बाबू, हे मी बियाण्याला ठेवणार. तुझे पऱ्हे किती दिवसांचे होते?”

“एकवीस, काकाजी.”

“माझे चाळीस दिवसांचे झाले होते,” कोणी विचारले नसताना काकाजींनी भर सभेत सांगून टाकले. आणि पाळकांनी पुढच्या भोपळ्याची बोली पुकारली.