जमेची बाजू

पार्ल्यात राहणाऱ्याला विमानाचं कौतुक नसतं. डोक्यावरून विमान गेलं की वाक्य मध्येच थांबवायचं आणि आवाज विरल्यावर उरलेलं बोलायचं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. तरीही साठी उलटल्यावर मला फ्लाइंग क्लबात नाव घालावंसं वाटलं. आमच्या घरात कुठलीही इच्छा आधी वहीत उतरते. पानाच्या मध्यावर रेघ मारली, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.

उजवी बाजू पाच मिनिटांत भरली. प्रवेश फी, वर्गणी, डॉक्टरी तपासणी, हेडफोन. खासगी परवान्याला किमान ४० तास उड्डाण लागतं. दोन आसनी सेसना १५२ तासाला साधारण २३ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे लिटरला सात-आठ किलोमीटर. मला आमच्या साहेबांची जुनी ॲम्बेसेडर आठवली. शिवाय चाकांखालचे ठोकळे निघाले की तास सुरू. पुढे धावपट्टी मोकळी होईपर्यंत नुसतं उभं राहिलात तरी तो चालूच. रिक्षात निदान उतरून चालत जाता येतं.

वर्गणीचा गुंता तर भिशीपेक्षा अवघड. कमी उडालं की दर तासाला वर्गणीचा वाटा वाढतो. तो कमी करावा म्हणून जास्त उडालं की बँकेतली ठेव मोडते. पावसाळ्यात वर्गणी चालू आणि विमान बहुधा हँगरमध्ये. त्यात नवल नाही. १९३०च्या दशकात जुहूच्या मैदानात पाणी साचलं की टाटांची टपाल-विमानंसुद्धा पुण्याला येरवड्यात मुक्काम हलवत.

मग वजन. या विमानाला भरल्या अंगाने ७५७ किलोंपर्यंतच उडता येतं. त्यातले पाचएकशे त्याचे स्वतःचे, टाकी भरली की आणखी पासष्ट-सत्तर. उरतात जेमतेम १९०. मी ९४. म्हणजे शिकवणारा माझ्याहून जाड चालायचा नाही आणि दिवाळीचा फराळ उतरेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही.

"आणि हे सगळं जुहूलाच ना?" सौ.ने विचारलं. इथेच अडलं. मुंबईच्या आकाशात शिकाऊंना जागा कुठली! धुळे नाहीतर बारामती गाठायची. तासभर उडायला धुळ्यापर्यंत सव्वातीनशे किलोमीटर रस्त्याने जायचं आणि उडून पुन्हा धुळ्यालाच उतरायचं. यात प्रवास कुठे आला? पण संध्याकाळी नाक्यापर्यंत जाऊन परत येतो, तेव्हा कुठे पोचलात म्हणून कोणी विचारत नाही.

शेवटी मी हुकमी पान टाकलं. जे.आर.डी. टाटांना १९२९ साली देशातला पहिला परवाना मिळाला, आणि १९८२ साली, ७८व्या वर्षी, कराचीहून लेपर्ड मॉथ एकट्याने उडवत ते जुहूला उतरले.

"अहो, ते टाटा होते," ती म्हणाली. "तुम्ही बँकेत होतात."

रात्री वही तशीच टेबलावर राहिली. डावी बाजू कोरी. खूप वाटत होतं, पण रकान्यात लिहिण्यासारखं काही सुचेना. सकाळी पाहिलं तर तिथे सौ.च्या अक्षरात नोंद होती: 'घरात ४० तास शांतता'. खाली कंसात धुळ्याला जाण्यायेण्याचे तास वेगळे धरले होते.