तालुक्यापुरता मोबाइल

फोन फिरता आहे की बसका, हे तो हलवून बघून ठरवायची अडाणी रीत परदेशात चालते. 1973 साली न्यूयॉर्कच्या फुटपाथवर मार्टिन कूपर नावाचा इंजिनिअर किलोभर वजनाचा फोन कानाला लावून बोलला आणि एवढ्यावरच जगाने त्याला मोबाइल मानून टाकलं. परवाना कोणता, तालुका कोणता, कुणी विचारलंसुद्धा नाही.

आपल्या सरकारने जानेवारी 2001 मध्ये हे काम शिस्तीत केलं. तार नसलेला फोन खिशात घालून तुम्ही खुशाल हिंडा, पण तो मोबाइल नव्हे. तो 'डब्ल्यूएलएल', आणि त्याला आहे ती 'मर्यादित गतिशीलता'. मर्यादा कुठवर? एसटीडी कोड बदलेपर्यंत. म्हणजे बहुतेक ठिकाणी तालुक्याच्या शिवेपर्यंत.

या तरतुदीचं मोल गोंदिया जिल्ह्यात कळावं. गोंदियाचा कोड 07182, आमगावचा 07189. नियम तंतोतंत पाळायचा तर गोंदियाचा धानाचा दलाल असा फोन घेऊन आमगावच्या पॅसेंजरला बसला, की गुदमा स्टेशनापर्यंत तो आधुनिक माणूस. मग शीव आली. पलीकडचा राईस मिलवाला ओरडतोय, "क्विंटलमागं किती म्हणालात जी?" आणि इकडे सामसूम. बॅटरी भरलेली, अँटेना ताठ, फक्त कोड बदललेला. भाव सांगायचा राहिला म्हणून सौदा फसला असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, शासनाने दलालाला दोन तास विचार करायला दिले.

याच घराण्यातला थोरला भाऊ म्हणजे टेबलावरचा बिनतारी फोन. त्यालाही तार नाही, पण त्याने घर सोडायचं नाही. इतका आज्ञाधारक.

सेल्युलर कंपन्यांना मात्र डब्ल्यूएलएलवाल्यांचं हे तालुक्यापुरतं फिरणंही सोसवेना. फिरण्याचे पैसे आम्ही भरले आणि फिरतात हे, असं त्यांचं दुखणं. तालुक्यात फिरणं हे फिरणं आहे का, हा प्रश्न दूरसंचार लवादापुढे गेला, डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून परत लवादाकडे आला आणि ऑगस्ट 2003 मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. नोव्हेंबरात सरकारने एकत्रित परवाना काढला. कंपनीने शुल्क भरलं, की शर्टाच्या खिशात पडल्या पडल्या तोच फोन मोबाइल झाला. हँडसेटला पत्ताही नसेल.

शीव न पाळणाऱ्यांचं काय होतं, तेही याच जिल्ह्याने पाहिलंय. नागझिऱ्याचा जय वाघ 2013 मध्ये कुठलाही कोड न बघता थेट उमरेड-कऱ्हांडल्याला चालत गेला. पुढे त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. एप्रिल 2016 मध्ये तिचा सिग्नल बंद पडला, आणि जय त्यानंतर सापडला नाही.

हल्ली कोडाची कटकट उरलेली नाही. जंगलपट्टीत एखाद्या गावात रेंज येते ती जागा ठरलेली असते. फोन तिथे झाडाच्या फांदीला पिशवीत टांगून ठेवायचा. वाजला की रोवणीतला माणूस चिखलाच्या पायांनी बांधी ओलांडत धावत येतो. फोन जागेवर, माणूस फिरता. याला कोणता परवाना लागतो, हे ठरवायला सरकारने एक समिती नेमावी. बैठक त्याच झाडाखाली घ्यावी, म्हणजे सदस्यांना निदान निरोप तरी पोचेल.