एसएसडीकाका

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर रणकंदन चालू असताना जे गृहस्थ शांतपणे डुलकी काढतात, तेच ‘आमचा कॉम्प्युटर हल्ली फार स्लो झालाय’ एवढं कुणी पुटपुटलं की खडबडून जागे होतात. हे एसएसडीकाका. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत एक तरी असतातच; दोन असले तर त्यांचं एकमेकांशी बोलणं नसतं. आमचे काका बँकेतून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी स्टार स्क्रू ड्रायव्हर.

घरात आल्याबरोबर ते कॉम्प्युटर सुरू करायला लावतात आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहतात. तीन मिनिटं होतात, चार होतात. काकांचा चेहरा खुलत जातो. दुखणं जितकं जुनं, तितका त्यांना हुरूप.

‘‘अहो, आत तबकडी फिरतेय. मिनिटाला ७२०० फेरे. फाइल वाचायची म्हणजे आधी हेड तिथवर सरकणार, मग तबकडीचा नेमका तुकडा फिरून त्याच्याखाली येणार. एका खेपेला दहा-बारा मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना अशा हजारो खेपा! हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, तिच्यात काही हलतच नाही. सगळं चिपमध्ये.’’ मग ओघात १९५६ साल येतं. आयबीएमची पहिली हार्डडिस्क, दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि त्यांत मावणार जेमतेम पन्नास लाख अक्षरं. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटोही त्यात धड बसायचा नाही. यजमान मान डोलावत राहतात. त्यांना वीजबिल भरायचं असतं आणि उरलेल्या वेळात पत्ते खेळायचे असतात.

खरेदी तपकीर गल्लीतूनच. तिथून महात्मा फुले मंडई चालत काही मिनिटांवर, त्यामुळे काकूंनी मेथी आणायला धाडलं की पिशवीत मेथीबरोबर साटा केबल येते. कधी नुसतीच केबल येते.

ऑपरेशनचा दिवस रविवार. कॅबिनेटवर गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू तसंच असतं. काका ते न पुसता कडेचे स्क्रू काढतात. आतली धूळ बघून यजमानीणबाई ओशाळतात आणि ‘‘बाई येत नव्हती ना आठवडाभर’’ असं म्हणतात. एसएसडी अडीच इंची, कॅबिनेटमधली जागा साडेतीन इंचांची. त्यासाठी पत्र्याची पट्टी मिळते, पण काकांचा विश्वास डबल साइडेड टेपवर. ‘‘पडली तर?’’ ‘‘पडू द्या की! फिरणारं काही आहे का तिच्यात?’’

यानंतरचा भाग मात्र गंभीर. जुन्या डिस्कची नक्कल नवीवर उतरवायची. इथे दिशा चुकली, तर कोऱ्या डिस्कची कोरी नक्कल जुनीवर उमटते आणि बारशापासूनचे सगळे फोटो स्वाहा. काका पंखा बंद करायला लावतात. पंख्याचा काही संबंध नसतो. मग पडद्यावर बोट ठेवून यजमानांकडून मोठ्याने वदवून घेतात, ‘‘सोर्स जुनी, टार्गेट नवी.’’ बँकेत एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, ही शिस्त त्यांनी सोडलेली नाही. खरं सांगायचं तर मी पाहिलेल्या कितीतरी पगारी तंत्रज्ञांपेक्षा काका इथे सरस आहेत.

पुढचा तंटा हिशेबाचा. खोक्यावर २५६ जीबी, पडद्यावर २३८. बनवणारी कंपनी हजारने मोजते आणि विंडोज १०२४ ने, हे काकांना पाठ आहे, दुसऱ्यांना ते समजावूनही सांगतात. पण अठरा जीबीचा फरक ताळेबंदात बसत नाही, याचं दुःख चेहऱ्यावर लपत नाही.

अखेर बटण दाबलं जातं. यजमानांना चष्मा सापडायच्या आत कॉम्प्युटर पासवर्ड मागतो. टाळ्या पडतात. काका घड्याळात बघून सेकंद जाहीर करतात, आणि तेवढ्यात घरातलं कार्टं म्हणतं, ‘‘पण यूट्यूब अजून गोल गोल फिरतंय!’’

‘‘ते वायफाय. ते दुसऱ्या काउंटरला.’’

मानधन घेत नाहीत. दोन चकल्या, अर्धा कप बिनसाखरेचा चहा. जुनी हार्डडिस्क एका प्लास्टिकच्या केसमध्ये घालून ‘‘बॅकअपला ठेवा’’ म्हणून हातात देतात. ती टीव्हीखालच्या खणात जाते आणि तिथेच राहते.

हल्ली मात्र काका जरा अस्वस्थ आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरना दारात उभं करत नाही. एवढ्या मेहनतीने पळायला लावलेले म्हातारे कॉम्प्युटर एका तारखेने निवृत्त! स्वतः निवृत्त माणसाला ते सोसवत नाही. तेव्हापासून जिन्यात गाठून ते लिनक्सबद्दल बोलू लागले आहेत.

तुमच्याकडे असे काका येणार असतील तर खुशाल येऊ द्या. फक्त आदल्या रात्री फोटोंची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा, आणि ‘आमच्या जावयाला ऑनलाइन स्वस्त मिळाली’ हे वाक्य त्यांच्यासमोर चुकूनही काढू नका.