व्हर्जनकाका

१९९८ ते २००२ च्या सुमारास नाशिकच्या कुठल्याही बऱ्या वस्तीत एक पत्रिका बघणारे, एक होमिओपॅथीच्या गोळ्या फुकट वाटणारे आणि एक व्हर्जनकाका असायचेच. पहिले दोघे अजून आहेत. तिसरे मात्र घरोघरी ब्रॉडबँड आल्यावर दिसेनासे झाले. घरात कॉम्प्युटर घेणाऱ्या पहिल्या पिढीला यांनीच शहाणं केलं; निदान घाबरवलं तरी.

व्हर्जनकाका ओळखायला अवघड नव्हते. "काका, आमच्याकडे फोटोशॉप टाकलंय," असं कोणी हौसेने सांगितलं की ते "वा!" म्हणत नसत. ते विचारत, "कितवं?" आणि "चार" असं उत्तर आलं की घरातलं कोणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणत, "असू दे. पाच आलंय, पण असू दे."

आमचे व्हर्जनकाका कॅनडा कॉर्नरजवळ राहायचे आणि नोकरीला नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते. या दोन्ही गोष्टींचा त्यांच्या समीक्षेवर खोल परिणाम झाला होता. कोरल ड्रॉ हे सॉफ्टवेअर कॅनडातल्या ओटावाच्या कंपनीचं. त्याला कोणी नावं ठेवली की काकांना आपल्या गल्लीला नावं ठेवल्यासारखं व्हायचं. आणि रंग, रेघ, छपाई यांवर बोलायचा अधिकार तर त्यांना भारत सरकारनेच दिलेला. प्रत्यक्षात ते प्रेसमध्ये लोकांच्या रजेचा हिशेब ठेवत. पण "आमच्याकडे एक रेघ हलली तर दिल्ली हलते," हे वाक्य ते अशा आवाजात टाकत, की ती रेघ रोज सकाळी तेच ओढतात असं वाटावं. शिवाय दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. तेव्हा ग्राफिक्स हा मूळचा नाशिक जिल्ह्याचाच विषय आहे, फोटोशॉपवाले नॉल बंधू नंतरचे, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांचं मशीन असेंबल केलेलं. दुसऱ्या शनिवारी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर उन्हात घासाघीस करून एकेक भाग आणलेला. सेलेरॉन प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क, १४ इंची मॉनिटर. त्यावर काकूंनी दिवाणखान्याच्या जुन्या पडद्याचं झालर लावलेलं कव्हर शिवलं होतं. चपला बाहेर काढल्याशिवाय त्या खोलीत प्रवेश नसे. दसऱ्याला झेंडूचा हार, हळदकुंकू सगळं साग्रसंगीत. एका वर्षी अक्षता फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेल्या, आणि पुढे कित्येक महिने प्रत्येक फ्लॉपी कुरकुरत आत जायची. काका म्हणायचे, "ड्राइव्ह जुना झालाय." काकू काही बोलत नसत.

काकांची परीक्षणाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. एका बँकेने दिलेल्या डायरीत त्यांनी पट्टीने रकाने आखले होते : नाव, व्हर्जन, किती एमबी, उघडायला किती सेकंद, आणि शेरा. सेकंद ते हातातल्या एचएमटीवर मोजत. शेरे दोनच. "हलकं आहे, घ्यायला हरकत नाही," किंवा "जड आहे, झेपणार नाही." सॉफ्टवेअर काय करतं हा रकानाच नव्हता.

आणि त्याची गरजही नव्हती, कारण काका कुठलंच सॉफ्टवेअर वापरत नसत. ते टाकत, उघडत, वरच्या सगळ्या मेनूंवरून एकदा फिरून येत, 'हेल्प'मध्ये जाऊन 'अबाउट'ची चौकट वाचत आणि काढून टाकत. मासिकांबरोबर सीडी फुकट मिळायची, चिप किंवा पीसी क्वेस्टबरोबर, ती आली की दोन रात्री जागरण. त्यात न मिळालेलं लॅमिंग्टन रोडवर शंभर रुपयांत मिळायचं, 'पाच इन एक'. एकदा इंजिनिअरिंगच्या एका मुलाने विचारलं, "काका, ही चोरीची कॉपी ना?" काका शांतपणे म्हणाले, "अरे, मी वापरतो थोडंच? मी फक्त बघतो." इतकी खरी सबब या देशात दुसऱ्या कोणी दिली असेल असं मला वाटत नाही.

फोटोशॉपवर त्यांचा विशेष राग आणि विशेष लोभ. ३२ एमबीवर ते उघडायला इतका वेळ घेई, की तेवढ्यात पडद्यावर येणारी, ते बनवणाऱ्या लोकांची नावं काकांना पाठ झाली होती. त्या यादीत एक सीतारामन नारायणन हे नाव असायचं. जगभरच्या फोटोशॉपवाल्यांना ते याच कारणाने पाठ होतं, पण काकांनी ते थेट नात्यात घेतलं. मशीन हँग झालं की, "आज सीतारामनचं काही खरं नाही," आणि नीट चाललं की, "शेवटी माणूस आपला आहे."

१९९८ मध्ये फोटोशॉप ५ आलं, त्यात 'हिस्टरी' आली. त्याआधी केलेली चूक एकच पाऊल मागे जाऊन सुधारता यायची. आता वीस पावलं मागे जाता येऊ लागलं. काकांनी रविवारी सकाळी दहाला सगळ्यांना बोलावून याचं प्रात्यक्षिक दिलं. पांढऱ्या पडद्यावर वीस रेघा ओढल्या आणि एकेक करून पुसल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, वीस पावलांत आपल्या लग्नापर्यंत जाता येतं का बघा."

काका चुकून एखादी गोष्ट खरोखर वापरत, तेव्हा अनर्थ होई. 'लेन्स फ्लेअर' नावाचा फिल्टर आहे, कॅमेऱ्याच्या भिंगावर सूर्य चमकल्यासारखा झगमगाट चित्रावर पाडणारा. त्या काळात छापलेल्या निम्म्याअधिक व्हिजिटिंग कार्डांवर हा सूर्य उगवलेला दिसेल. शेजारच्या एका मुलाचा, स्थळांना पाठवायचा फोटो काकांकडे 'जरा साफ करायला' आला. काकांनी तो सूर्य नेमका त्याच्या कपाळावर उगववला. फाइल सेव्ह झाली, मूळ गेलं, आणि घाईत तोच फोटो मनमाडला रवाना झाला. आठवड्याने मुलीकडचं पत्र आलं : मुलाच्या चेहऱ्यावर तेज आहे, पुढचं बोलायला यावं. लग्न झालं. काकांनी डायरीत लेन्स फ्लेअरपुढे लिहिलं, "उपयुक्त."

स्कॅनर घेतला तेव्हाची गोष्ट मात्र ते कोणाला सांगू देत नसत. उद्घाटनाला काय स्कॅन करायचं यावर चर्चा चालू होती, तेवढ्यात आमच्यातल्या एकाने खिशातली शंभराची नोट काचेवर ठेवली आणि झाकण लावलं. प्रेसमधल्या माणसाच्या घरात! काकांनी झाकण उघडलं, नोट पाहिली, आणि स्विच बंद करण्याऐवजी भिंतीतून प्लगच उपटला. पुढचा महिनाभर स्कॅनर त्याच पडद्याच्या कापडाखाली झाकलेला होता, आणि काका कामावर जाताना खिडकीची कडी दोनदा बघून जात.

इंटरनेट हा वेगळा अध्याय. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने ते सर्वसामान्यांसाठी सुरू केलं ते आधी महानगरांत. आपल्यापर्यंत यायला वेळ लागला. आलं तेव्हा फोनच्या तारेवरून, मोडेमच्या किंकाळ्यांसकट आलं. मोडेमच्या खोक्यावर ५६ के लिहिलेलं, हाती सेकंदाला चार किलोबाइट. दहा एमबीची फाइल उतरायला पाऊण तास, तोही घरात दुसऱ्या फोनचा रिसीव्हर कोणी उचलला नाही तर. काकू उचलायच्याच. "अहो, तुमचं ते ओरडणं संपलं असेल तर मला ताईला फोन करायचाय." सगळं उतरून शेवटचा तुकडा राहिलेला असताना हे वाक्य ऐकण्यासाठी जी सहनशक्ती लागते, ती काकांकडे नव्हती. त्यांनी गेटराइट शोधून काढलं, जे तुटलेलं डाउनलोड तुटल्या जागेपासून पुढे सुरू करतं. डायरीतला त्याचा शेरा मी वाचला आहे : "हलकं. संसारी माणसाने अवश्य घ्यावं."

ब्राउझर मोजायला त्यांनी एचएमटीही बाजूला ठेवली. नेटस्केपच्या उजव्या कोपऱ्यात मोठा एन असायचा, आणि पान उघडेपर्यंत त्याच्या मागे उल्का पडत राहायच्या. काका उल्का मोजत. "याहू अठ्ठावीस उल्कांत उघडतं, हॉटमेल चाळिसात." इंटरनेट एक्स्प्लोररला उल्का नव्हत्या, नुसता ई होता, त्यामुळे त्याचं परीक्षण करायलाच साधन नव्हतं. त्यांचा कौल आपोआप नेटस्केपकडे गेला. १९९७ च्या ऑक्टोबरात एक्स्प्लोरर ४ निघालं, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या पोरांनी रात्री एक भलामोठा ई नेऊन नेटस्केपच्या अंगणात उभा केला होता. हे मासिकात वाचून काका खूष झाले : "म्हणजे तिकडेही मंडळं आहेत!"

पुढे विंडोज ९८ आलं, आणि त्यातून एक्स्प्लोरर काढताच येईना. टाकून, बघून, काढून टाकणं हेच ज्याचं जीवितकार्य, त्याला न निघणारं सॉफ्टवेअर म्हणजे वैयक्तिक अपमान. नेमकी हीच कुरकुर घेऊन अमेरिकेचं सरकार आणि तिथली वीस राज्यं मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध कोर्टात गेली होती. काका त्या खटल्याची बातमी घरच्या वाटणीच्या दाव्यासारखी वाचत, आणि "आमचं म्हणणं एवढंच आहे की" अशी सुरुवात करून सांगत.

तीस दिवसांच्या चाचणीवर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी काकांचा एक तोडगा होता. पेंट शॉप प्रोसारखं काही संपत आलं की ते मशीनची तारीख मागे न्यायचे. काही प्रोग्रॅम फसत, काही फसत नसत, पण काकांना सवय लागली. परिणामी १९९९ सालभर त्यांच्या घरात फेब्रुवारीच चालू होता. आउटलुक एक्सप्रेसमधून त्यांनी पाठवलेल्या दिवाळीच्या शुभेच्छा लोकांच्या इनबॉक्समध्ये थेट तळाला, फेब्रुवारीत जाऊन बसल्या. कोणी उत्तर दिलं नाही म्हणून ते दुखावले.

पण याच खोडीने त्यांचं नाव झालं. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसने, ज्याला लोक चेर्नोबिल म्हणायचे, जगभरातल्या विंडोजवाल्या मशीनांचा निकाल लावला. हार्ड डिस्कवरचं पुसलं आणि काही ठिकाणी मदरबोर्डवरच्या बायोसची चिपही निकामी केली. त्याचा हल्ला कॉम्प्युटरमधल्या तारखेवर ठरलेला. आमच्या कॉलनीत तीन मशीनं बसली. काकांच्याही मशीनमध्ये तो व्हायरस होता, त्याच 'पाच इन एक'मधून आलेला, पण तिथे २६ एप्रिल उजाडलाच नाही. लोक विचारू लागले, कुठलं अँटिव्हायरस? काका नुसतं हसत. साऱ्या दुनियेला वर्ष २००० ची धास्ती पडली होती, तेव्हाही ते असेच हसत होते.

इतकं सगळं करून काकांनी स्वतः काय बनवलं? मला एकच वस्तू माहीत आहे. उद्या पाणी येणार नाही, अशी सोसायटीची नोटीस. कोरल ड्रॉमध्ये, अक्षरांना सावली देऊन, कोपऱ्यात नळाचं क्लिप आर्ट. पहिली प्रत मेनरोडच्या डीटीपीवाल्याकडे नेली, तर त्याच्याकडे काकांचा मराठी फॉन्टच नव्हता. 'पाणी' या शब्दाच्या जागी दोन अल्पविराम, एक पाउंडाची खूण आणि प्रश्नचिन्ह निघालं. ज्याने त्याने आपला फॉन्ट आपल्या पद्धतीने बांधायचा, असा तो जमाना. काका परत आले, घरचा फॉन्ट फ्लॉपीवर घेतला, फ्लॉपी अक्षतांमुळे अडली. नोटीस बोर्डावर लागली तेव्हा पाणी जाऊन परत आलेलं होतं.

तरी रविवारची बैठक चुकवावीशी वाटली नाही, हे मान्य करायला हवं. इंग्रजी मासिकातली दहा पानं तो माणूस मराठीत, हातवारे करून, स्वतःच्या खर्चाने चहा पाजून सांगायचा. त्या खोलीत चपला काढून बसलेल्यांपैकी दोघे आज पुण्यात डिझाइनवर पोट भरतात. ते काय शिकले ते मला ठाऊक नाही. काय झेपणार नाही, हे मात्र दोघांना अचूक कळतं.

काकांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा पेच नोव्हेंबर २००० मध्ये आला. नेटस्केपची ४ ची उपव्हर्जनं त्यांनी इमानेइतबारे डायरीत उतरवली होती, आणि पुढचं पान पट्टीने आखून ५ साठी राखलं होतं. आणि बाहेर आलं ते थेट ६! पाच कुठे गेलं? काकांची झोप उडाली. जड की हलकं हा प्रश्नच मागे पडला. ते पंचवटी धरून लॅमिंग्टन रोडला गेले, आणि तिथल्या एका दुकानदाराने त्यांना, खास माणसासाठी ठेवलंय असं सांगत, दोनशे रुपयांत नेटस्केप ५ विकलंसुद्धा. घरी येऊन टाकलं, 'अबाउट' उघडलं : ४.७.

ते पान अजून कोरं आहे आणि काका अजून शोधात आहेत. तेव्हा वाचकांपैकी कोणी त्यांच्या घरी गेलंच, तर एवढं समजावून सांगावं : नेटस्केपने पाचवर काम सुरू केलं होतं, पण ते अर्ध्यावर मोडीत काढलं. ते व्हर्जन बाजारात कधी आलंच नाही.