फुकटचा जमाखर्च

(पुण्यातली दोन खोल्यांची जागा. सोफ्यावर दोन पोती बसली आहेत, म्हणून श्री. स्टुलावर. सौ. उभ्या, तिसरी जागा नाही.)

सौ.: ही पोती कसली?

श्री.: लग्नपत्रिका. फुकट!

सौ.: एवढ्या लोकांनी बोलावलंय आपल्याला?

श्री.: अगं, चुकलेल्या आहेत. छापणाऱ्याकडे पडून होत्या. नवऱ्यामुलाच्या नावामागे चि. सौ. कां. पडलंय. जाड कार्ड, सोनेरी छपाई, वर गणपती. असा कागद विकत घ्यायला गेलीस तर समजेल.

सौ.: आणि पोती चालत आली?

श्री.: रिक्षानं.

सौ.: केवढे झाले?

श्री.: ते प्रवासखर्चात जातं. तो मालाच्या किमतीत धरत नाहीत.

सौ.: केवढे?

श्री.: ११०.

सौ.: म्हणजे फुकट ११० ला पडलं.

श्री.: तू ना, हेतूच लक्षात घेत नाहीस. व्याजाचे दर हे असे. निवृत्त माणसानं काही छंद लावून घ्यावा असं तूच म्हणालीस. मी म्हटलं, घ्यावा, पण एक पैसा न घालता. ही बघ वही. डावीकडे वस्तू, उजवीकडे किंमत. पत्रिका, शून्य. पुठ्ठ्याचे नळ, शून्य. करवंट्या, शून्य. सनमायकाचे नमुने, शून्य. महिन्याची बेरीज शून्य. बँकेत पस्तीस वर्षं काढली, इतका स्वच्छ ताळेबंद नाही पाहिला मी.

सौ.: नळांचं काय ते सांगा. ते कुठून आणलेत?

श्री.: लक्ष्मी रोडवरून. कापडाचा तागा संपला की आतला नळ दुकानदार मागच्या बोळात टाकून देतात. चव्वेचाळीस पन्ह्याचे, दगडासारखे टणक. मी आत गेलो, म्हटलं, जुने नळ असतील तर द्या. माणूस काय सज्जन! सहा काढून दिले, वर पाणी विचारलं.

सौ.: आणि तो जांभळ्या कापडाचा तुकडा?

श्री.: तीन मीटर आहे तो. असंच घेतलं.

सौ.: असंच म्हणजे?

श्री.: त्यानं पाणी विचारलं गं! पाणी पिऊन, सहा नळ काखेत मारून, तसंच रिकाम्या हातानं बाहेर कसं पडणार?

सौ.: सहा नळ काखेत होते. रिकामे हात कुठे राहिले?

श्री.: भीड वाटली.

सौ.: भीड भिकेची बहीण. केवढ्याला वाटली?

श्री.: ५४०.

(सौ. पदराच्या टोकाला गाठ मारतात. ही हिशोबाची जुनी रीत. हिला ताळेबंद लागत नाही.)

सौ.: करवंट्या?

श्री.: त्या तरी निखालस फुकट. कचऱ्यात जाणारी वस्तू. काचकागदानं घासली, तेलाचा हात दिला की शिसवीसारखी दिसते.

सौ.: या महिन्यात नारळ किती आणलेत?

श्री.: स्वयंपाकाला लागतातच.

सौ.: अकरा. सोमवारी सोलकढी, मंगळवारी नारळीभात, बुधवारी खोबऱ्याच्या वड्या, गुरुवारी पुन्हा सोलकढी. डॉक्टरांनी तुम्हाला खोबरं बंद केलंय. मी विचारलं तर म्हणालात, आज खावंसं वाटतंय. आता कळलं कुणाला काय वाटत होतं ते. चाळीसनं अकरा, ४४०.

श्री.: खोबरं तू पण खाल्लंस. निम्मे तुझ्या नावे टाक.

सौ.: टाकते. आणि तो मुलगा कोण रोज फोन करतो, 'मॅडम, किचनचं माप घ्यायला कधी येऊ'?

श्री.: सनमायकाच्या दुकानातला. जुने नमुने मागितले तर म्हणाला, कुठे बसवायचंय? मी म्हटलं, बघू. नुसतं बघू म्हटलं! पन्नासेक तुकडे दिले, प्रत्येकाला मागे नंबर, कोपऱ्यात भोक. किल्ल्यांना लावायला जणू देवानंच पाडलेलं भोक.

सौ.: काल तो टेप घेऊन आला होता. ओटा मोजला, कपाट मोजलं, फ्रिज सरकवून मागची भिंत मोजली. पावणेतीन लाख म्हणाला. चहा पिऊन गेला. किल्ल्यांचा बिल्ला, पावणेतीन लाख.

श्री.: ते आपण थोडीच देणार आहोत!

सौ.: तुम्हाला पाणी विचारलं तर तुम्ही तीन मीटर कापड घेता. तो दोनदा 'काका' म्हणाला तर तुम्ही ओटा फोडाल.

श्री.: (वही उलटत) कड्यांचं बोलू नकोस म्हणजे झालं.

सौ.: कसल्या कड्या?

श्री.: किल्ल्यांच्या. बोहरी आळीत गेलो होतो. तिथे स्वस्त. पण सुटं देत नाहीत, ग्रोसनं घ्यावं लागतं.

सौ.: ग्रोस म्हणजे किती?

श्री.: १४४. दीड रुपयाला एक, २१६ झाले. तुळशीबागेत एकेकीचे पाच सांगतात. म्हणजे बघ, पाचशे चार रुपये वाचले!

सौ.: आपल्या घराला किल्ल्या किती आहेत?

श्री.: तीन.

(सौ. दुसरी गाठ मारतात.)

श्री.: तू सगळं पैशात मोजतेस. अगं, माणसं बघ! चंडीगडचे नेकचंद. साधे रस्त्यांचे निरीक्षक. तुटक्या बांगड्या, फुटक्या कपबशा, बाद झालेली संडासाची भांडी, हे गोळा करून त्यांनी अख्खी बाग उभी केली. जग येतं बघायला.

सौ.: कधी केली?

श्री.: १९५७ च्या सुमाराला लागले कामाला. १९७६ साली लोकांना खुली झाली.

सौ.: घरात केली?

श्री.: नाही, रानात. सरकारी जागेवर. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नव्हता.

सौ.: हे मला पटलं. तुम्हीही करा. रानात, आणि मला पत्ता नको.

श्री.: बरं, मग आपल्या पुण्यातले अरविंद गुप्ता घे. आय.आय.टी. कानपूरचे इंजिनिअर. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, एवढ्यातून मुलांना भूमिती शिकवली. २०१८ साली पद्मश्री मिळाली.

सौ.: दोन वस्तू. आगकाडी आणि नळी. आगकाडीसाठी ग्लू गन नाही आणली त्यांनी. तुमची केवढ्याची?

श्री.: हत्यार आहे ते. हत्यार भांडवली खर्चात जातं.

सौ.: केवढ्याची?

श्री.: ३५०. चिकटवायला काहीतरी लागतंच ना!

सौ.: मैद्याची खळ करा. त्यात चिमूटभर मोरचूद घाला, कसर लागत नाही. बाइंडर पिढ्यान्‌पिढ्या त्यानंच वह्या बांधत आलेत. ताटलीभर खळीला दोन रुपये. पण तिला बटण नसतं आणि टोकाला लाल दिवा लागत नाही, म्हणून तुम्हाला ती दिसत नाही. आता बघा. ११०, ५४०, ४४०, २१६ आणि ३५०.

श्री.: (सवयीनं) १६५६.

सौ.: आणि एवढ्यातून झालं काय?

श्री.: पेनस्टँड. अकरा.

सौ.: मघा शिसवीसारखी करवंटी म्हणालात?

श्री.: तिचा पेनस्टँड केला. करवंटीचे चार, नळ कापून पाच, पत्रिकांचे दोन.

सौ.: १६५६ भागिले अकरा.

श्री.: दीडशे.

सौ.: पूर्ण सांगा. तुम्ही बँकेत होतात.

श्री.: १५० रुपये ५५ पैसे.

सौ.: तुळशीबागेत साठला मिळतो. मागे फिरल्यासारखं केलं तर पन्नासला. आणि घरात पेनं किती?

श्री.: एक.

सौ.: तेही वहीला दोरीनं बांधलेलं.

श्री.: सवय आहे. मोकळं पेन राहत नाही.

सौ.: म्हणजे ते कुठल्याच पेनस्टँडमध्ये जाऊन बसू शकत नाही.

(श्री. पेनाची दोरी ओढून बघतात. पुरत नाही.)

श्री.: नातवाच्या शाळेत तरी माझं चीज झालं. कार्यानुभवाला 'टाकाऊतून टिकाऊ' होतं. त्याला मी आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करून दिलं.

सौ.: त्या काड्या मी आणल्या. दुकानातून, कोऱ्या, पन्नासचा पुडा. कुणी न चाटलेल्या. त्या दुकानात तयार घरंही होती. सगळ्या वर्गानं टाकाऊ वस्तू विकत आणल्या, बाईंनी तपासल्या, आणि वर्ष संपल्यावर त्या खरोखर टाकाऊ झाल्या. तेवढं एक बरोबर झालं.

श्री.: थट्टा पुरे. यंदा गणपतीचं मखर मी करणार. थर्माकोल २०१८ पासून बंदच आहे राज्यात. या पत्रिकांचं करीन. सगळ्यांवर गणपती छापलेला आहेच.

सौ.: आणि खाली चि. सौ. कां. बाप्पा!

श्री.: ते कापून टाकीन गं. मागे पडदा हवा फक्त, चिंध्या जोडून केलेला, पॅचवर्क. शिंप्याकडून कात्रण आणणार होतो. पण तो म्हणेल पँट टाका शिवायला. त्यापेक्षा तुझ्या कॉटखालचं गाठोडं दे.

सौ.: कुठलं गाठोडं?

श्री.: ते जुन्या कपड्यांचं. तीस वर्षं पडलंय तिथे. तो पसारा एकदाचा कामाला येईल.

सौ.: पसारा?

श्री.: तसं नाही...

सौ.: थांबा. त्या गाठोड्यात तुमच्या वडिलांचं धोतर आहे. माझ्या आईची दोन इरकली आहेत, विरलेली. मी फॉल-पिको करत होते त्यातली चांगली कात्रणं आहेत, रंगावार बांधलेली. त्याच गाठोड्यातून मुलीच्या बाळंतपणात सहा दुपटी निघाली. पाच गोधड्या निघाल्या. खाली एक साडी, वर एक, मध्ये विरलेलं सगळं, आणि कडेकडेनं आत आत धावदोरा. एकेकीला दोन महिने, दुपारचे, भांडी झाल्यावर. खर्च काय? दोऱ्याची रिळं. बोहारीण त्या साड्यांना स्टीलचं पातेलं देत होती, मी दिल्या नाहीत. त्याची वही कुठाय?

श्री.: मी कधी नावं ठेवली तुझ्या गोधड्यांना? पांघरतो की!

सौ.: नावं ठेवली नाहीत. नावच दिलं नाहीत. मी केलं ती काटकसर. तुम्ही करता तो छंद. मी चिंधी उचलली की 'काय भिकारपणा मांडलायस, पाहुणे येतात' आणि तुम्ही पोतं उचललंत की नेकचंद!

श्री.: भिकारपणा मी म्हणालो नाही.

सौ.: म्हणालात. तुमचे साहेब जेवायला येणार होते त्या दिवशी. अर्धी गोधडी जमिनीवर पसरलेली होती. मी ती सुईसकट गुंडाळून मोरीत नेऊन ठेवली.

(बराच वेळ कुणी काही बोलत नाही. श्री. ग्लू गन लावतात. लाल दिवा लागतो. श्री. ती बंद करतात.)

श्री.: ते साहेब नंतर आलेच नव्हते.

सौ.: नव्हतेच आले.

श्री.: पिठलं-भात खाल्ला आपण.

सौ.: गोधडी ओली झाली होती. (थांबून) ते नळ किती उरलेत न कापलेले?

श्री.: चार.

सौ.: एक द्या इकडे. पैठणी गुंडाळून ठेवते. घडीवर ठेवली की जर मोडते.

श्री.: (उत्साहानं) घे की! असाच गुंडाळ.

सौ.: असाच नाही. पुठ्ठ्याचा डाग पडतो. आधी मऊ सुती कापड गुंडाळायचं नळाला. ते काढा गाठोड्यातून. वरचंच आहे, पांढरं.

श्री.: हे? हे बाबांचं धोतर ना?

सौ.: हं. फाडू नका. आख्खंच गुंडाळा.

(श्री. नळ मांडीवर घेऊन धोतर गुंडाळू लागतात. वाकडं जातं. सौ. उलगडून पुन्हा हातात देतात. तेही वाकडं जातं.)

श्री.: वहीत कसं लिहू हे? नळ एक, दिला, फुकट?

सौ.: पाचशे चाळीसला सहा.

श्री.: नव्वद.

सौ.: नव्वद लिहा. आणि तो पन्हा सरळ धरा आधी.