तात्पुरता मुक्काम चंदनसार

चंदनसारमध्ये कायमचं राहणारं कुणी नाही. विरार पूर्वेला स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसा आणि शेजारच्याला सहज विचारा, "तुम्ही इथलेच का?" त्याचा चेहरा पडतो. "नाही हो! आम्ही लालबागचे. इथे आपलं तात्पुरतं." कधीपासून तात्पुरतं? "झाली असतील तीसेक वर्षं." तेवढ्यात वाटेत उतरणारी बाई सुटे पैसे पुढे करत सांगून टाकते, "आम्ही परळचे." चौथा ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लटकलेला असतो. तो काही बोलत नाही. तो इथला असतो.

तीस वर्षं तात्पुरतं राहायला जिगर लागते. भाडेकरूसुद्धा अकरा महिन्यांनी करार नवा करतो. आमच्या लोकांचा करार स्वतःशीच असल्यामुळे नूतनीकरणाला स्टॅम्प पेपर लागत नाही.

याची सुरुवात कुठे झाली ते सगळ्यांना पाठ आहे. १८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. तो संप कुणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही, असं जुने कामगार अजून सांगतात. विरारला येणंही त्याच जातीचं. सुरू झालं ते ठाऊक आहे, संपलं असं कुणी जाहीर केलेलं नाही. भोंगा बंद पडला, मग खोलीवर कर्ज झालं, मग पोरांची लग्नं झाली आणि एका खोलीत दोन संसार मावेनात. पागडीची खोली विकायची, घरमालकाचा हिस्सा त्याच्या हातावर ठेवायचा, उरलेल्यात भावाभावांत वाटणी आणि वाटणीत जे येईल त्यात पश्चिम रेल्वेवर शेवटच्या स्टेशनपर्यंत जे मिळेल ते घ्यायचं. काही जण दादरच्या नायगावातून निघाले आणि वसईच्या नायगावला उतरले. पत्ता सांगताना त्यांना निदान अर्धं खरं बोलता येतं.

तेव्हा कुणी रडत आलं नव्हतं, हे मात्र आता कुणी कबूल करत नाही. आमच्या इमारतीतले काका आले तेव्हा पाहुण्यांना आधी संडास दाखवायचे. घरातला, स्वतःचा, सकाळी डबा घेऊन रांगेत उभं न राहता वापरायचा. मग बाल्कनी. मग जीवदानीचा डोंगर, जणू तोही ॲग्रीमेंटमध्ये होता. "मोकळी हवा," काका म्हणायचे आणि छातीवर हात ठेवायचे. लालबागला राहिलेला थोरला भाऊ चाळीतल्या खोलीत पंख्याखाली घामेजत ऐकून घ्यायचा.

त्या भावासाठी काकांनी एक सही केली होती. हक्कसोडपत्रावर. एका खोलीचे इतके वाटेकरी कशाला, थोरल्याच्या नावावर राहू दे, आपल्याला काय परत यायचंय थोडंच! बहिणींनी तर पैसेही घेतले नाहीत. साडीचोळी घेऊन सह्या केल्या.

आणि मग १४ ऑगस्ट २०२५ उजाडला. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचा फ्लॅट, चाळीस मजली इमारतीत, मालकी हक्काने, फुकट. त्या रात्री चंदनसारच्या कितीतरी घरांत जेवणं न बोलता झाली असतील. काकांचा भाऊ काही बीडीडीतला नाही, त्याची चाळ खासगी. पण तिच्याही पुनर्विकासाचे कागद हलू लागले होते आणि बातमी बघताना काकांना ती सही आठवली. दुसऱ्या दिवशी फोन गेला. खूप वर्षांनी "दादा" अशी हाक गेली. दादांनी शांतपणे सांगितलं, "अरे, तुला तर मोकळी हवा पाहिजे होती ना?"

एक सही मागे घ्यायला कायद्यात काय तरतूद आहे, हे काका आता वकिलाला विचारतात. वकील बोरिवलीचा आहे. तोही मूळचा गिरगावातला.

ज्यांनी सही केली नाही, ज्यांचा हक्क सरकारनेच मान्य केला, त्यांचंही बघून घ्या. गिरण्यांच्या जमिनीवर गिरणी कामगाराला घर, असं ठरलं. २८ जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली. अर्ज होते लाखाच्या वर. उरलेल्यांपैकी काहींना पनवेलजवळ कोनला घर लागलं. आणखी उरलेल्यांसाठी सरकारने जागा शोधली: शेलू आणि वांगणी. घर नको म्हणाल तर हक्क जाईल, असं एक कलमही शासन निर्णयात घालून ठेवलं होतं. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानात जाऊन बसले तेव्हा ते कलम काढायचं कबूल झालं. परळहून निघालेल्या माणसाला परळला परत आणायचं, तर त्याला कर्जत लाइनवर सोडायचं! विरारहून वांगणीला "परत" जायचं म्हणजे दादरला उतरून गाडी बदलायची, आणि उतरल्यावर दादरकडे वळूनही बघायचं नाही.

इकडे विरार पश्चिमेला बोळींजला म्हाडाने घरं बांधली. हजारो. सोडती काढल्या, घरं उरली. पुन्हा काढल्या, पुन्हा उरली. शेवटी "प्रथम येणाऱ्यास प्राधान्य" अशी जाहिरात करावी लागली. बरोबरच आहे. जिथे सगळेच निघायच्या तयारीत आहेत तिथे नवा कोण येणार?

पण निघायच्या तयारीतल्या माणसाचा एक फायदा आहे, आणि तो इथल्या राज्यकर्त्यांनी पुरेपूर घेतला. तो भांडत नाही. गटार तुंबलं? जाऊ दे, आपल्याला कुठे इथे जन्म काढायचाय! टँकरचं पाणी? थोडे दिवस. रस्त्यात खड्डे? लालबागला कसे गुळगुळीत रस्ते असतात, असं म्हणून तो खड्ड्याला वळसा घालून जातो. त्याचं मत शिवडी मतदारसंघात, त्याची गाडी भावाच्या पत्त्यावर एमएच ०१. एमएच ४८ ची पाटी लावली तर आपण विरारला राहतो हे सिग्नलला उभ्या असलेल्या कुणालाही कळेल. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मागायला जा. "आमचा गणपती तिकडे असतो." खरंच असतो. दहा दिवस मंडळाचा टीशर्ट घालून हा तिकडे रांगा लावतो, येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसतो, लालबागचा मूळ रहिवासी म्हणून मिरवतो आणि रात्री शेवटच्या विरार गाडीकडे धावत सुटतो.

वसई-विरार महापालिका झाली ३ जुलै २००९ ला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर. जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. साडेपाच वर्षं नगरसेवकच नव्हते. पुण्या-मुंबईतही नव्हते म्हणा, पण तिथे निदान कुणी तरी बोंब मारत होतं. इथे आमच्या मजल्यावर एकाला हे निवडणूक जाहीर झाल्यावर कळलं.

मूळचे लोक, म्हणजे ज्यांना जाऊन जाऊन जायचं कुठे हा प्रश्न आहे, ते मात्र भांडले. महापालिकेत ५३ गावं घातली तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले. २९ गावं बाहेर काढायचा निर्णय २०११ मध्ये झालाही आणि कोर्टात अडकून बसला. त्यांना घर बदलायचं नव्हतं. घर, विहीर, वाडी, सगळं जागच्या जागी ठेवून फक्त ग्रामपंचायत परत हवी होती. जागेवरून न हलता परत जायची मागणी करणारी माणसं मला या तालुक्यातच भेटली.

विरारहून मुंबईला पहिली लोकल गेली १२ एप्रिल १८६७ ला. दिवसाला एकच गाडी. जायची आणि परत यायची. दीडशेहून अधिक वर्षं झाली, डबे पंधरापर्यंत गेले, बाकी वेळापत्रक तेच. रोज संध्याकाळी लाखो माणसं परत येतात ती विरारला, आणि त्याला कुणी परत येणं धरत नाही.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी या दुखण्याला गणिती नाव दिलंय: एक्स प्लस वन. परत जाणार, फक्त यंदा नाही, पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष आलं की त्यात पुन्हा एक मिळवायचा. पण न्यू जर्सीवाल्याचं निदान एकच घर मागे राहिलेलं असतं. आमच्याकडे थर आहेत. काकांचे वडील रत्नागिरीहून गिरणीत आले तेच पेन्शनीत निघाल्यावर गावी परत जायचं ठरवून. गावी घर बांधलं, कुलूप लावलं, कुलूप गंजलं, आणि ते लालबागच्या खोलीतच गेले. काका लालबागला परत जायचंय म्हणून चंदनसारला बसून आहेत. आणि काकांचा मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे. त्याने परवा फोनवर सांगितलं, "बाबा, विरारचा फ्लॅट विकायचा विचार करू नका. मी येणार आहे परत."

काकांना वाटलं, पोराची नोकरी गेली. तसं काही नव्हतं. त्याला वसईची सुकेळी आठवत होती. अर्नाळ्याचा किनारा, जीवदानीच्या पायऱ्या, वडापावची गाडी. कहर म्हणजे त्याला लोकलची गर्दी आठवत होती. "पुण्यात काही नाही हो, बाबा. ट्रॅफिकमध्ये एकटं बसायचं." पुण्यातल्या मित्रांना तो विरारला "गाव" म्हणतो, हेही तेव्हाच कळलं. काका दोन दिवस अस्वस्थ होते.

चाळीच्या जागी टॉवर झाल्यावर परत गेलेलेही आहेत ओळखीत. एक काकू. पोराने इकडचा फ्लॅट भाड्याने दिला आणि आईला तिकडे वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं. त्या आता दर आठवड्याला भाजी घ्यायला चंदनसारला येतात. दादरचा अख्खा बाजार पायाशी सोडून! दारं बंद असतात म्हणे तिथे दिवसभर, आणि लिफ्टमध्ये ओळखीचं कुणी भेटत नाही. चाळ पाडताना गॅलरी पाडली जाणार, हे नकाशात कुणी वाचलं नव्हतं.

आता थोडं सरळ बोलतो. २७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. आदल्या रात्री बारानंतर विरार पूर्वेला विजयनगरमधली रमाबाई अपार्टमेंट कोसळली. सतरा माणसं गेली. इमारत अनधिकृत होती. आजूबाजूची घरंही रिकामी केली आणि त्या कुटुंबांची सोय झाली ती चंदनसारच्या समाजमंदिरात. त्या लोकांना लालबागला परत जायचं नव्हतं. त्यांना शेजारच्या गल्लीतल्या आपल्या घरात परत जायचं होतं, आणि ते उरलेलं नव्हतं. त्याआधी काही महिने नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीमागच्या ४१ अनधिकृत इमारती पाडल्या, तिथल्या माणसांचंही तेच. कागद न बघता घर घेतलं, असं त्यांना आता बजावणारे पुष्कळ आहेत. इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा ज्यांच्याकडे कागद होते त्यांना मात्र त्या दिसल्या नाहीत.

त्यानंतर आमच्याही सोसायटीत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला. खांबांचं प्लास्टर सुटलंय, लोखंड दिसतंय, आणि इमारतीचं वय काकांच्या मुक्कामाइतकंच. एक बिल्डर तयार आहे. पाडणार, तीन वर्षं बाहेर राहायचं, भाडं तो देणार, मग नव्या इमारतीत मोठी जागा. यासाठी गेल्या रविवारी सभा झाली. एरवी सभेला कोरम जमत नाही, परवा जिन्यात माणसं उभी होती.

मला वाटलं, लोक खूश होतील. तीस वर्षं ज्यांना इथून निघायचं होतं त्यांना कुणी तरी भाडं देऊन बाहेर काढतोय. पण पहिलाच हात काकांचा वर गेला. "परत येण्याची गॅरंटी काय?" बिल्डरचा माणूस म्हणाला, करार होईल. काका म्हणाले, नुसता करार नको, बँक गॅरंटी पाहिजे. मजला तोच पाहिजे, डोंगराची बाजू पाहिजे. बाल्कनी नकाशात दाखवा. आणि कुठल्याही कागदावर हक्कसोड असा शब्द दिसला तर मी सही करणार नाही.

टाळ्या पडल्या. परळवाली बाई तर उभी राहिली.

सभा संपल्यावर मी जिन्यात काकांना विचारलं, "काका, तुम्ही तर लालबागला जाणार होतात ना? आयती संधी आहे. तीन वर्षांचं भाडं घ्या आणि राहा तिकडे."

"वेडा आहेस का तू?" काका म्हणाले. "तिकडचं भाडं परवडतं का? सफाळ्याला चौकशी करून आलोय. डहाणू गाडीने दोन स्टेशनं. आणि तिथे काय हवा आहे रे!"