केडगावचा पाणबुड्या

नळाला पाणी कधी येतंय याकडे केडगावकर डोळे लावून बसलेले, आणि आमचे एक चिरंजीव घरच्या घरी रिब्रीदर जुळवताहेत! सोडलेला श्वास गाळून पुन्हा ओढायचं हे यंत्र. सामान काय, तर पीव्हीसी पाइप, शेकायची रबरी पिशवी आणि भंगारातला रेग्युलेटर. कार्बन डायऑक्साइड शोषायला सोडा लाइम लागतं. यांनी पानवाल्याकडून चुना आणलाय. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली बाधतो, आचके येतात. कमी पडला तर दमही न लागता माणूस बेशुद्ध होतो. विहिरीनं तळ गाठलाय, ही रेणुकामातेचीच कृपा. बाळा, तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा केंद्र आहे. आधी तिथं रीतसर शीक. आणि तो चुना पानवाल्याला परत कर.